पत्रूचं पडणं

उलटं उभं राहायला शिकवताना पत्रू सिडाम सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगायचा. चक्कर आली तर डोळे मिटायचे नाहीत. माणूस घाबरला की डोळे मिटतो, आणि डोळे मिटले की जमीन कुठे अन् आभाळ कुठे हेच त्याला कळेनासं होतं. म्हणून दोन पंजांच्या मधे एक पळसाचं पान ठेवायचं आणि त्याच्या देठाकडे बघत राहायचं. श्वास कोंडायचा नाही. पोट भरलेलं नको, अगदी रिकामंही नको. खाली आल्यावर लगेच ताठ व्हायचं नाही. आधी गुडघे टेकायचे, कपाळ मुठींवर ठेवायचं, डोक्यात उतरलेलं रक्त आपल्या वाटेनं गेलं की मगच उठायचं. "घाई करान तं जमीन उठून मारन," असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि मुंबई-पुण्याची ती माणसं हसत हसत आडवी व्हायची.

हे सगळं चालायचं वाघांच्या जंगलात शिरायच्या मोहर्लीच्या गेटजवळच्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर. रिसॉर्टचं नाव मी लिहिणार नाही. फुकटची जाहिरात करायला मी काही त्यांची नोकर नाही. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माहेर मूल गावचं. पत्रूच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्यानं राहते. मधे कुडाची भिंत आहे, वरून माती सारवलेली. त्या भिंतीतून शेजारच्या घरातलं सगळं ऐकू येतं, न विचारताही.

पत्रू आश्रमशाळेत शिकला. तिथे एक मल्लखांबाचे सर होते. पोरांना दोन वेळचं जेवण आणि एरंडेल चोपडलेला एक खांब, एवढंच त्या शाळेत नेमानं मिळायचं, असं पत्रू म्हणायचा. इतर पोरं खांबावर चढायची आणि घसरायची. पत्रू चढला की उलटा व्हायचा आणि खाली यायलाच तयार नसायचा. पोरांनी त्याला वटवाघूळ नाव ठेवलं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्याचा नंबर आला, विभागाच्या स्पर्धेच्या दिवशी शाळेची गाडी बंद पडली, आणि खेळाडू म्हणून त्याचं आयुष्य तिथेच आटोपलं. पुढे तेंदूपत्ता, रस्त्याची माती, धानाची कापणी, जे मिळेल ते.

रिसॉर्टात तो लागला होता झाडांना पाणी घालायला. एकदा दुपारी कोणी नाही असं बघून हिरवळीवर दोन हातांवर चालत होता, तेवढ्यात मॅनेजरनं पाहिलं. मॅनेजर म्हणजे अतुल साहेब, नागपूरचा, बोलायला अगदी गोड. पंधरवड्यात हिरवळीवर सागाचा खांब रोवला गेला. सकाळच्या सफारीत ज्यांना वाघ दिसला नाही त्यांचं मन कुठेतरी रमवायला हवंच होतं. ते परत आले की पत्रू त्यांना भिंतीला पाय लावून उलटं करायचा, शेवटी स्वतः खांबावर चढून डोकं खाली, हात मोकळे असा लटकायचा. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

पण टाळ्यांचं त्याला फार नव्हतं. पाहुणे त्याला 'सर' म्हणायचे, त्याचं होतं. "पत्रू सर, माझी मान बरोबर आहे ना?" असं एखादी बाई विचारायची, आणि संध्याकाळी तो ते रीनाला, म्हणजे बायकोला, जसंच्या तसं सांगायचा. त्याच्या घराण्यात कोणाला कोणी सर म्हटलं नव्हतं. अरे, ए, इकडे ये, एवढ्यावर पिढ्या गेल्या. रीना त्याला चिडवायची, "सर, पाण्याची गुंडी उचला जी." त्यालाही ती चेष्टा आवडायची.

मग त्याची आई गेली.

मोहफुलांचे दिवस होते. कमलाबाई उजाडता उजाडता टोपली घेऊन झाडाखाली गेली, नेहमीसारखी. मोह वेचायचा म्हणजे वाकावंच लागतं, उभ्यानं वेचता आला असता तर देवानं फुलं फांदीवरच ठेवली असती. फॉरेस्टवाले दरवर्षी गावात येऊन सांगतात की वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, वाकू नका. आता न वाकता जगायचं कसं, ते काही त्यांनी अजून सांगितलेलं नाही. सोबतच्या बायांनी आरडाओरडा केला, वाघ गेला, पण कमलाबाई उरली नव्हती.

जिथे ती पडली तिथे घरच्यांनी दगड मांडला. जाणारा-येणारा एक डहाळी ठेवून पुढे जातो. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं गावानं तिचं कौतुक केलं. जिवंत होती तेव्हा तिच्या टोपलीतला मोह कमी भरतो म्हणून भांडणारे लोकही रडले. पत्रू रडला नाही. तो दुसऱ्या आठवड्यात कामावर गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याला चक्कर येऊ लागली.

पहिल्यांदा आली तेव्हा तो खांबावर उलटा होता. नजर रोजच्यासारखी खालच्या पानाच्या देठावर होती, आणि ते पान, त्याच्याच शब्दांत, "पळाले लागलं." एका जागी असलेलं पान डावीकडून उजवीकडे धावत होतं, परत मागे येऊन पुन्हा धावत होतं. त्यानं डोळे मिटले नाहीत. श्वास सोडला. हळू खाली आला, गुडघे टेकले, कपाळ मुठींवर ठेवलं. पाहुण्यांना वाटलं सर शिकवताहेत. पण उलटं झाल्यावरची साधी चक्कर चार श्वासांत उतरते. ही उतरली नाही. तो उठला तेव्हा पाय भलतीकडेच पडत होते आणि हिरवळीच्या कडेला जाऊन त्यानं ओकारी काढली.

त्याला वाटलं, सराव कमी पडला. वय झालं, अंग जड झालं. जो माणूस लोकांना चक्करेवर उपाय शिकवतो त्याला स्वतःच्या चक्करेवर दुसरं काय सुचणार? तोच उपाय, पण दुप्पट. रोज पहाटे घरामागे, माझ्या खोलीच्या भिंतीला पाय लावून तो उलटा उभा राहायचा. मला झोपेत धप्प असा आवाज यायचा. थोडा वेळ शांत, पुन्हा धप्प. कुडाची माती माझ्या अंथरुणावर पडायची. एक दिवस मी वैतागून बाहेर गेले. पत्रू मातीत एका कुशीवर पडला होता, डोळे सताड उघडे, पानाकडे बघत.

"काय करून राह्यला भाऊ तुम्ही?" मी विचारलं.

"प्रॅक्टिस जी मॅडम," तो पडल्या पडल्याच म्हणाला.

गावात असली गोष्ट झाकून राहत नाही. पत्रूचे काका इतवारी, घरातले सगळ्यात मोठे, एका दुपारी येऊन बसले. त्यांनी निदान सांगायला अजिबात वेळ लावला नाही.

"तुही माय वाकली तवा गेली," ते म्हणाले. "तू रोज डोकं खाली करून राह्यला. तिले वाटते, पोरगा आला माह्याकडं. ते हाक मारते तुले. चक्कर नोहे ते."

दगडाजवळ कोंबडं दिलं. पत्रूनं डोकं खाली घालायचं नाही असं ठरलं. पण नोकरीच डोकं खाली घालायची, त्याला काय करणार? तो जायचाच.

इतवारी जुना माणूस, त्याचं सोडा. पण त्याच महिन्यात रिसॉर्टात पुण्याची एक मोठी समुपदेशक बाई आली होती. पत्रू खाली येऊन डगमगला तेव्हा तिनं त्याला जवळ बसवून घरचं विचारलं. आईचं ऐकल्यावर तिनं अतुल साहेबाला सांगितलं की हा ट्रॉमा आहे, आईच्या वाकण्याचा आणि याच्या डोकं खाली करण्याचा मनात धागा जुळलाय. म्हणजे इतवारी जे कोंबड्यासह म्हणाला तेच बाई चष्म्यासह म्हणाली. गाव आणि पुणं यांचं एरवी कशावर एकमत होत नाही, ते पत्रूच्या चक्करेवर झालं. शेवटी पत्रूलाही तेच खरं वाटू लागलं. मायला आपण एकटं पाठवलं, म्हणून ती ओढते, असं तो रीनाला म्हणाल्याचं मी भिंतीतून ऐकलं.

रीना मात्र रोज उशीचा अभ्रा धुवायची. सगळी चादर-पांघरुणं आठवड्यानं, अभ्रा रोज. तारेवर वाळत घातलेल्या त्या अभ्र्यावर पिवळट डाग तसाच राहायचा. मी एकदा विचारलं.

"यायचा कान वाहते नं," ती नवऱ्याबद्दल सहज म्हणाली. "डावा. लहानपणापासून वाहते. आता जरा वास मारते. मी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून टाकतो."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"कानासाठी कोण जाते डॉक्टरकडं, मॅडम? कान तं वाहतेच."

इथे हे असंच आहे. नाक वाहतं, नाला वाहतो, तसा कान वाहतो. आश्रमशाळेत निम्म्या पोरांचे कान वाहायचे, त्याला कोणी आजार म्हटलं नाही. पत्रूला दहा जणांनी विचारलं की आई कशी गेली. कान कसा आहे हे एकानंही विचारलं नाही. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! मी रीनाला म्हटलं, याला चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन चला. पत्रू हसला. म्हणाला, चक्कर डोक्यात येते जी, कानात नाई.

मग तो खांबावरून पडला. पाहुण्यांसमोरच, पाठीवर. नशिबानं उंचीवरून नाही, मनगट मुरगळण्यावर निभावलं. पण अतुल साहेबाच्या गोड बोलण्याला त्या दिवशी आंबट वास आला. पाहुणा पडला असता तर, असं तो म्हणाला. खरं तर पाहुणा पडला नव्हता, पत्रू पडला होता. आठवड्याभरात नागपूरहून निकेश नावाचा ट्रेनर आला. दंडांवर गोंदवलेला, पोरगा वाईट नव्हता. पत्रूनं त्याला पळसाच्या पानाची युक्ती शिकवली. निकेश आता पानाऐवजी रंगीत टिकली चिकटवतो आणि हीच युक्ती इंग्रजीत सांगतो. त्याला सर म्हणतात.

पत्रूकडे पुन्हा पाण्याची नळी आली. गरज सरो आणि वैद्य मरो, पण रिसॉर्टवाल्यांची गरज अजून सरली नव्हती.

संध्याकाळी दिवेलागणीला पाहुण्यांसाठी लाकडं पेटवतात, भोवती खुर्च्या मांडतात. अतुल साहेबानं पत्रूला तिथे उभं केलं. आईची गोष्ट सांग म्हणाला. आपल्या भाषेत सांग, मी हिंदीत समजावतो. पत्रूला हे आवडलं असेल असं नाही, पण तो नाही म्हणाला नाही. पाणी घालणाऱ्याला नाही म्हणायची सवय नसते. चार वाक्यांत सांगून तो मोकळा व्हायचा. आई मोह वेचाले गेली, वाकली, वाघ आला, गेली.

"एवढं कोरडं नको रे," अतुल साहेब म्हणाला. "कशी वाकली होती ते दाखव जरा. लोकांच्या डोळ्यांसमोर आलं पाहिजे."

दुसऱ्या संध्याकाळी पत्रू वाकला. टोपली डाव्या हाताला असते म्हणून मान डावीकडे वळवली, आणि हिरवळ गरकन फिरली. तो सरळ तोंडावर पडला. पडून उठता येईना. हात गवतात रुतवून तसाच राहिला.

कोणी ओरडलं नाही. धावलंही नाही. एक बाई रडू लागली, आणि मग टाळ्या. एक म्हातारे गृहस्थ उठून त्याला हात जोडून गेले. नंतर अतुल साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एकदम नॅचरल होतं. रोज जमेल?"

हे पत्रूनं घरी येऊन सांगितलं तेव्हा रीना भाकरी थापत होती. तिनं पीठ तसंच ठेवलं, माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मॅडम, उद्या शाळेले सुट्टी टाका. यायले घेऊन जाऊ." मी टाकली.

चंद्रपूरचा डॉक्टर तरुण होता, घाईत होता. पत्रूनं आईपासून सुरुवात केली ती पळणाऱ्या पानापर्यंत आला. डॉक्टर म्हणाला, ते नंतर, आधी कान बघू. दिव्याची नळी कानात घातली आणि त्याची घाई संपली. त्यानं कान साफ केला, कानाजवळ बोटानं हलकंच दाबलं. पत्रूनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आली चक्कर?"

"आली जी."

"तीच? पान पळतं तीच?"

"तीच जी."

डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. पडद्याला जुनं भोक आहे. त्यातून आत सडका गोळा वाढलाय आणि तो हाड कुरतडतोय. कानाच्या आतच शरीराचा तोल सांभाळणारा भाग असतो, त्याच्यावरचं हाड खाल्लं गेलंय. डोकं खाली केलं, मान वळवली, तेल ओतलं, की तो भाग ढवळला जातो. तेल बंद. ऑपरेशन करावं लागेल, तारीख देतो.

"मंग उलटं उभं राहता येईन?" पत्रूनं विचारलं. दुसरं काहीच विचारलं नाही.

"वेळेत केलं आणि पुढे काही महिने दम धरला, तर बहुतेक येईल. नाही केलं तर ऐकू येणं जाईल, तोंड वाकडं होऊ शकतं, रोग मेंदूपर्यंतही जातो. आणि एक लक्षात ठेवा. चक्कर आपोआप थांबली तर खूश होऊ नका. कधी कधी आतला भाग पार मरतो म्हणून ती थांबते. रोग तिथेच असतो."

परतीच्या एसटीत पत्रू खिडकीशी बसला होता. एसटी मूलच्या रस्त्याला नाही, मोहर्लीच्या रस्त्याला होती, तरी मला माहेरी निघाल्यासारखं हलकं वाटत होतं. त्यालाही. मग तो एकदम हसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. आई गेल्यावर जे आलं नव्हतं ते.

"माय नाई ओढून राह्यली मंजे," तो रीनाला म्हणाला. "कान होय तो. माय माह्यावर रागावली नाई."

रीनानं पदरानं त्याचं तोंड पुसलं, एसटीतल्या माणसांदेखत. मला तेव्हा खरोखर वाटलं होतं की ही गोष्ट इथून चांगली होईल. मास्तरकी करून माणूस असा भोळा होतो.

तारीख ऐन हिवाळ्यातली मिळाली, रिसॉर्ट भरलेलं असतं त्या दिवसांतली. पत्रू रजा मागायला गेला. सोबत दुसरंही विचारायचं होतं त्याला. बरा झाल्यावर खांब पुन्हा मिळेल का?

अतुल साहेबानं कानाचं सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटलं म्हणाला, आणि वाटलंही असेल. मग म्हणाला की खांब काढायचा ठरलाय, तिथे बसायला ओटा करतोय. निकेशला खांब लागत नाही. रजा घे, ऑपरेशन कर, पण सीझनमधे संध्याकाळच्या कार्यक्रमाला दुसरं काहीतरी बघावं लागेल. "आणि पाहुण्यांना कानाचं सांगू नकोस हं," तो म्हणाला. "ते येतात तुझ्या आईसाठी. कान वाहतो म्हणून पडतो हे ऐकायला कोण बसेल?"

तारखेच्या दिवशी मी सकाळी पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. पत्रू नव्हता. रीना पायरीवर बसून होती. तिच्या बाजूला कपड्यांचं गाठोडं बांधलेलं होतं, दवाखान्यात न्यायचं.

"कामावर गेला," ती म्हणाली.

मी तशीच रिसॉर्टकडे गेले. वॉचमन आत सोडेना. मी आवाज चढवला, मास्तरणीचा आवाज चढला की वाघही बाजूला होईल. पत्रू फाटकापाशी आला, हातात नळी. मी त्याला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हटलं, नंदी म्हटलं, साहेबाचा गुलाम म्हटलं. त्यानं उजवा कान माझ्याकडे करून सगळं ऐकून घेतलं.

"बरा होऊन काय करू जी?" तो शांतपणे म्हणाला. "उलटं उभं राहाले जागा कुठी आहे? खांब काढला. सर दुसराच झाला. पडाले तं जागा आहे. पडतो तवा लोक उभे राह्यतेत."

"कान जाईल तुमचा! तोंड वाकडं होईल!"

"पुढच्या तारखेले जाऊ," तो म्हणाला आणि नळी ओढत गुलाबांकडे गेला.

पुढची तारीख आली तेव्हा सीझन होता. त्याच्या पुढच्या तारखेला धानाची रोवणी होती. मी अतुल साहेबाला भेटले. त्यानं मला चहा दिला आणि सांगितलं की निर्णय पेशंटचा असतो. हे वाक्य इतकं बरोबर होतं की मला त्याच्या तोंडावर चहा ओतावासा वाटला. इतवारी काकांना मी डॉक्टरचं बोलणं समजावलं, तर ते म्हणाले, कोंबडं दिलं तवा जरा बरं वाटलं होतं. आणि पत्रू चक्कर आणायचं शिकला होता. मान डावीकडे, जरा झटक्यानं, आणि डोळे मिटून घ्यायचे. डोळे मिटले की जमीन कुठे अन् आभाळ कुठे कळत नाही, ती लवकर येते. ज्या माणसानं जन्मभर लोकांना डोळे मिटू नका म्हणून शिकवलं, तो रोज दिवेलागणीला डोळे मिटून घेत होता.

रीना एकदाच बघायला गेली, मला सोबत घेऊन. आम्ही स्वयंपाकघराच्या बाजूनं उभ्या होतो. पत्रू वाकला, डोळे मिटले, पडला. खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. रीना काही वेळ बघत होती. मग म्हणाली, "माही सासू अशी नवती पडली. ते पळाली होती. टोपली फेकून पळाली होती बिचारी." हे आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या खुर्च्यांवरच्या माणसांना तर कोणी सांगणारच नव्हतं. आम्ही घरी आलो.

या वर्षीच्या थंडीत, पहाटे, मला पुन्हा तोच आवाज आला. धप्प. थोडा वेळ शांत, पुन्हा धप्प. अंथरुणावर माती पडली. मी अंधारात पडून ऐकत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. वाटलं, पत्रू उलटा उभा राहतोय. कसं का असेना, भिंतीला पाय लावून राहतोय. मी शाल गुंडाळून पळतच बाहेर गेले.

तो भिंतीला पाठ करून उभा होता. पाय भिंतीला लावलेले नव्हते, जमिनीवर पान नव्हतं. तो वाकला, मान डावीकडे टाकली, डोळे मिटले, थोडा थांबला. काहीच झालं नाही. मग त्यानं स्वतःच गुडघा सोडला आणि खांदा भिंतीवर आपटत खाली गेला. उठला. पुन्हा वाकला.

"पत्रू भाऊ," मी हाक मारली. मी त्याच्या डावीकडे होते. त्यानं वळूनही पाहिलं नाही. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकला.

"चक्कर बंद झाली जी मॅडम," तो म्हणाला. "दिवाळीपासून येतच नाई. किती मान फिरवली तरी नाई येत."

मला डॉक्टरचं बोलणं आठवलं. त्यालाही आठवत असणार. तो भिंतीची माती खांद्यावरून झटकत होता.

"मंग आता पडाची प्रॅक्टिस कराव लागते," तो म्हणाला. "काल पडलो तं साहेब म्हणे, खरं नाई वाटलं."